लुमाचा दांडा

दाल्कावेच्या नव्या दुकानातून
तीन हिवाळ्यांत तीन कुऱ्हाडी आणल्या मी.
पिवळा दांडा, लाल पातं, वर प्लास्टिकचं टोपण,
आणि किंमत अशी
की हात आपोआप पर्सकडे जावा.

पहिलीचा दांडा जूनमध्येच गेला.
दुसरीची धार तेपूच्या ओंडक्यात शिरली
आणि कागदाच्या कोपऱ्यासारखी दुमडून बाहेर आली.
तिसरीचं तर डोकंच निसटलं,
खुराड्याची फळी फोडून आत पडलं,
आठवडाभर एकाही कोंबडीने अंडं दिलं नाही.
ओर्तेन्सिया कुंपणावरून म्हणाली,
बाई गं, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड
लोक फुकटात मारून घेतात.
तू पैसे मोजतेस.

मग कास्त्रोला गेले.
उतारावरचं बार्रियांचं दुकान,
जिथे खिळे अजून तोलून देतात.
मी सरळ सगळ्यात महागडीकडे बोट केलं.
एवढं तरी शिकले होते, असं वाटत होतं मला.
म्हातारा एलेउतेरिओ जागचा हलला नाही.
"ती रंगाचे पैसे घेते.
महाग तेच चांगलं असतं ना, पोरी,
तर गिऱ्हाइकाला फक्त आकडे वाचता आले असते तरी पुरलं असतं.
तू किती लाकूड फोडतेस?"

सालाला दहा घनमीटर, म्हटलं. एकटीच.
"उंची?"
दिसतेय तेवढी.
"कामाचं काय?"
सामन माशाच्या कारखान्यात. सुरी चालवते.
"मग मनगटं आधीच विकलेली आहेत," म्हणाला,
आणि मागच्या खोलीत गेला.

आणली ती काळपट, बिनरंगाची.
दांडा लुमाचा, तेल प्यायलेला.
त्याने ती उलटी करून बूड माझ्या डोळ्यांसमोर धरलं:
"रेषा बघ. पात्याच्या दिशेने धावतायत.
आडव्या असल्या की समज, घाव लाकडावर नाही, दांड्यावर बसणार."
मग नखाने पात्यावर टिचकी मारली
आणि बराच वेळ आम्ही दोघं
काहीही न बोलता
तो आवाज संपायची वाट बघत राहिलो.

अडुसष्ट हजार पेसो.
तीन मेलेल्या कुऱ्हाडींची बेरीज मी
बसस्टॉपवर बसून केली, दोनदा,
आणि त्यात अंडी धरली नाहीत.
तेवढे एकदम असते
तर पहिल्या हिवाळ्यातच इथे आले नसते का?
स्वस्त घेण्यात आमची हौस नसते.
एलेउतेरिओने वहीत नाव लिहिलं,
एदेल्मिरा चिग्वाय, चार हप्ते,
आणि सहीसाठी पेन्सिल दिली. पेन्सिल!

आता पाच हिवाळे झाले.
दर रविवारी दगडावर धार, बोटभर तेल,
जेवढी काळजी मी गुडघ्यांची घेत नाही तेवढी.
उसनी मागायला ओर्तेन्सिया येते,
तिला मी देते, तिच्या नवऱ्याला नाही.
जुनी तीन पाती कुंपणाचं फाटक धरून बसलीत,
वाऱ्यात ती चांगली टिकतात.

एकच गोष्ट रात्री टोचते.
ही माझ्यानंतरही चाळीस वर्षं चालेल,
आणि माझा नेल्सन पुंता आरेनासला राहतो,
जिथे भिंतीवरचं चाक फिरवलं की
गॅसने घर तापतं.

ऑगस्टमध्ये आला होता, दोन दिवस.
न सांगता उठला, अंगणात गेला.
मी मातेचं पाणी ठेवता ठेवता ऐकत होते:
पहिला घाव चुकला, दुसरा तिरका,
तिसऱ्याला ओंडका
एकाच शब्दात उघडला.

दारात येऊन म्हणाला, आई, ही कितीला पडली?
मी निम्मी किंमत सांगितली.
तो म्हणाला, तरी जास्तच दिलेस.
आणि परत फोडायला गेला.
संध्याकाळपर्यंत.