जाळी

बुद्धपौर्णिमेला नान्नजच्या पाणवठ्यावर
मोजणीला बसलो होतो.
मचाण बाकीच्यांना दिलं, मी दोन बाभळींमध्ये
झोळणा टांगला, वर त्याचीच मच्छरदाणी,
पोटावर वही, कानामागे पेन्सिल.
रात्री दोन चाळीसला लांडगा आला.
एकटा. आधी वास घेतला, मग पाणी.
आणि मी, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस,
टॉवेल कारखान्यातला वायरमन,
मधे जाळी आहे हेच विसरलो
आणि तसाच पुढं झुकलो.

कोपर आरपार.
लांडग्यानं मान वर केली,
थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, उरलेलं पाणी प्यायला.
वहीत लिहिलं: लांडगा, नर असावा, एक.
डासांसाठी वहीत रकाना नव्हता.

घरी येऊन फेविक्विक लावलं.
ते वाळून काचेसारखं झालं
आणि शेजारून नव्यानं उसवलं.
बायको म्हणाली, भांडणंसुद्धा तुम्ही अशीच मिटवता.
पत्ता मग तिनंच दिला:
साखर पेठ, बोळातलं तिसरं दार, राजव्वा मेरगू.

राजव्वांनी हात लांब करून जाळी उजेडात धरली.
"हे काय कापड हाय का? सगळी भोकंच की.
आता तूच सांग, यातलं तुझं कुठलं?"
मी दाखवलं. त्या हसल्या नाहीत.
कात्रीनं आधी माझं फेविक्विक कापून टाकलं;
वीतभर फाट होती, ती दीड वीत झाली.
मी आवंढा गिळला.
"कडक झालंय तिथं सुई जात नाही, बाबा."

मग काठाभोवती एक धागा फिरवला,
फाट पुढं पळू नये म्हणून,
मग या काठावरून त्या काठावर,
थुंकीनं ओलावलेलं टोक, आणि ती गाठ
जिनं चालत्या मागावर तुटला ताणा जोडतात,
जी मला चार वेळा बघूनही कळली नाही.
"जवळचं दिसेनासं होऊन सहा वर्षं झाली," म्हणाल्या,
"बोटांना अजून सांगितलेलं नाही."
हिरव्या जाळीत धागा मात्र लाल,
चादरीवरच्या मोराचा उरलेला.
घरात दुसरा नव्हता.

घरात मागही नव्हता. भंगारात गेला त्याची जागा होती,
फरशीत चार खळगे,
छताला गंजलेले दोन हूक.
हे कशाला ठेवले?
"पोरांची झोळी असायची. माग चालू तोवर झोपायची.
वीज गेली, खटखट थांबली,
की तिघंही एकदम उठून रडायची."

पैसे विचारले तर म्हणाल्या,
"टांग बघू. माणूस कसा झोपतो यात?"
टांगलं. लुगडं सावरत आधी बसल्या,
मग एकेक पाय आत घेतला. मी चेन ओढली.
बाहेरून दिसत होता लाल रफू
आणि त्यामागे जरा हिरवट, एक चेहरा.
तेवढ्यात बोळातली वीज आली.
भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा माग सुरू झाला.
राजव्वा काही बोलल्या नाहीत.
सून चहा घेऊन आली, बघितलं,
कप तसेच परत घेऊन गेली.
मी पाऊण तास फरशीवर बसून होतो,
चपला हातात.

यंदा पुन्हा नान्नज.
दोन बाभळींतली एक वठली आहे, तरी भार घेते.
काळवीट अकरा. खोकड दोन.
लांडगा नाही.
चांदण्यात लाल दिसतच नाही, नुसता काळा डाग;
बोटानं चाचपला, खरखरीत,
बाकीच्या जाळीपेक्षा पक्का.
पहाटे मात्र कानाशी गुणगुण.
रफू शाबूत होता.
चेनच मी चार बोटं उघडी ठेवली होती,
लांडगा आलाच तर म्हणून.