सप्तमी

रणभिसे सरांचा प्रश्न उत्तराच्याच चालीवर यायचा.
"मेन्सा म्हणजे?" "टेबल." "लिंग?" "स्त्री."
"का?"
इथं वर्ग गप्प. पुस्तकात 'का' नव्हतं.
"आहे म्हणून," सर म्हणत. "लिहा."

क्वार्टर गेटची शाळा, तिसरा तास,
बाहेर कल्हईवाल्याचा भाता.
घरी वडलांनी विचारलं, ही भाषा बोलतात कुठं?
कुठंच नाही, मी म्हटलं.
ते डेपोत टायर बदलायचे.
म्हणाले, मग चुकलं तर कळतंय कुणाला?

रणभिसे सरांना कळायचं.
छडी नव्हती त्यांच्याकडं, नुसती डावी भिवई.

"लॅटिनमध्ये विभक्त्या किती?" "सहा."
"आपल्यात?" "संबोधन धरून आठ."
"मग दोघी गेल्या कुठं?"
हेही पुस्तकात नव्हतं.
तृतीया पंचमीकडं राहायला गेली,
थोरलीनं धाकटीकडं जाऊन राहावं तशी.
सप्तमीसुद्धा.
"पण सगळी नाही गेली. थोडी मागं उरली."
खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं :
हुमी, भुईवर.
दोमी, घरी.
"शेवट ऐका. दोमी. घरी."
आम्ही ऐकला. बावीस तोंडांतून एकच ई,
आणि भाता तेवढ्यापुरता थांबलेला.

"शहरांच्या नावांतही उरली.
रोमा. रोममध्ये?" "रोमे."
"पूना?"
कुणीच नाही.
मग बोर्डिंगातली फिलोमिना चक्रनारायण,
दिवाळीतही जिला न्यायला कुणी आलं नव्हतं,
खिडकीकडं बघत म्हणाली,
"पूने."
वर्ग फुटला. सर हसले नाहीत.
स्टेशनावरची पाटी सरकारनं बदलली
त्याला अजून वीस वर्षं होती.

"वाक्य कर."
"पूने सुम. मी पुण्यात आहे."
"आता दोमी घालून."

ती उभी राहिली.
दोनच शब्द लागत होते, आणि दोन्ही तिला येत होते.
भाता परत सुरू झाला.
सरांनी उत्तर मागितलं नाही, बस असंही म्हटलं नाही,
टेबलाखाली वाकून ते खडूचा तुकडा शोधत राहिले
घंटा होईपर्यंत.
एवढासा तुकडा.
आम्हाला सगळ्यांना दिसत होता,
त्यांच्या बुटापाशीच पडलेला.