अक्षरी

पहिली प्रेसनोट मी साडेतीन पानांची लिहिली.
सुरुवात हरिपूरच्या पेवांपासून,
जमिनीच्या पोटात हळद कशी साठवायचे, इथपासून.
शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर,
आमचं म्हणणं होतं:
पॉलिशच्या ड्रमजवळ धूळ ओढणारा पंखा बसवा.

मुजावर सरांनी कागद उलटा धरला.
चाळीस वर्षं वार्ताहर होते,
आता गणपती पेठेत नातवाच्या झेरॉक्सच्या दुकानात
स्टुलावर बसून असतात.
"जागा कमी पडली, की पेपरवाल्याची कात्री
शेपटाकडनं चालते, पोरी.
तुझा पंखा शेपटात आहे."

पेवं गेली.
मान्यवरांची बावीस नावं गेली,
त्यात माझे मामाही गेले.
'ज्वलंत' गेलं, 'तीव्र निषेध' गेला.
काय झालं, कुठं, कुणाला, कधीपासून,
एवढं राहिलं, आणि एक फोन नंबर, जो उचलला जाईल.
"नोट दुपारी चारच्या आत.
माहीत नसेल तर माहीत नाही म्हण,
ते कुणी छापत नाही, पण लक्षात ठेवतात.
आणि सगळं बोलून झाल्यावर
'हे छापू नका हं' असं म्हणायचं नाही.
म्हैस सुटल्यावर दाव्याला गाठ मारून काय होतंय?"

टीव्हीवाले यार्डात आले तेव्हा सौदे चालू होते.
त्या पोराला घाई होती, कुपवाडला आग लागली होती.
रत्नाबाई ऐवळेंच्या तोंडासमोर त्यानं माईक धरला:
"मावशी, जरा खोकून दाखवता?"
रत्नाबाई म्हणाल्या,
"खोकला काय सालगडी हाय व्हय माझा,
हाक मारली की यायला?"
आणि पिशवीतनं सिव्हिलचा एक्स-रे काढून
दोन्ही हातांनी उन्हात धरला.
"ह्याला इचारा."
कॅमेरा हळूहळू वर गेला.
काळ्या फिल्मच्या दोन्ही कडांना
पिवळी बोटं.

हे मुजावर सरांनी शिकवलं नव्हतं.
सांगितलं तर स्टुलावरून उठले,
उगाच एक को­रा कागद मशीनमध्ये घातला,
कोराच बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी पान पाच.
टायरच्या जाहिरातीखाली, चार वाक्यं.
पंखा पहिल्याच वाक्यात!
पण, 'चौदा महिला कामगारांनी'.
"आन् आमी एकशे सव्वीस मेलो काय?"
कलावती पेपर आपटून म्हणाली.
तिकडं अडतदार शेटजी हसून सांगत होते,
चौदाच तर हाईत, रुमाल देऊन टाका.

मी फोन लावला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं.
वार्ताहर झोपेतच होता, पण चांगला होता.
म्हणाला, "थांबा, नोट काढतो."
कागद सळसळला.
"ताई, चौदाच दिसतंय.
एक, चार, आणि पुढं पिवळा डाग."

जेवणाच्या सुट्टीत लिहिली होती.
शून्यावर माझाच अंगठा.

तिसऱ्या दिवशी शुद्धिपत्र आलं,
नखाएवढं, 'नजरचुकीने'.
कुणाच्या नजरेच्या, ते छापत नाहीत.
मी कापून वहीत चिकटवलं,
आणि त्या पोराला धन्यवादाचा फोन केला.
तो जरा गडबडला.
धन्यवादाचे फोन त्याला येत नसावेत.

आता आकड्यापुढं बँकेच्या चेकसारखं लिहिते:
अक्षरी एकशे चाळीस फक्त.
सर म्हणाले, ते 'फक्त' काढ.
काढलं.

हात दोनदा धुते, साबण लावून.
तरी कागदाच्या कडेला थोडं उरतंच.
ही पाचवी नोट.
पंखा अजून बसलेला नाही.
साडेतीन वाजलेत.