पाण्याचा दिवस

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन पेनं चालतात.
निळं पाण्याचं, दर पाचव्या दिवसाचं.
लाल हरिणीच्या इमर्जन्सीचं, दर तिसऱ्या.
पंधरवड्यातून एकदा दोन्ही एका चौकोनात येतात
आणि त्या रात्री घरात मी,
एक झोपलेली मुलगी, सात बादल्या, दोन पिंपं.

अक्षिता साडेचार वर्षांची.
तिला वाटतं, सिव्हिल हे आईचं माहेर आहे.
पिशवी भरून जाते, दोन दिवस राहते,
फोनवर "आलेच गं" म्हणते आणि येत नाही.
मी एकदा म्हटलं, माहेर असं नसतं बाळा.
माहेराहून बाया भरल्या अंगानं येतात.
ही येते डोळ्यांखाली शाई घेऊन
आणि चपलांसकट पलंगावर आडवी होते.
पोरगी हळूच चपला काढते.
एक दाराशी ठेवते. एक लपवते.

आई दाजी पेठेतून येते, नातीच्या डोक्याला तेल घालते,
माझ्याशी तेलुगूत बोलते, भिंतीशी मराठीत:
"जगाची बाळंतपणं करायची
आणि आपलं लेकरू शेजारणीच्या ताटात."
मी गप्प.
परवा मीही हेच बोललो होतो,
जरा बऱ्या शब्दांत, जास्त लागेल असं.
हरिणी उभ्यानंच भात खात होती.
घास गिळून म्हणाली,
"उरलेलं परवा बोल. आज झोपू दे."
परवा लाल गोल होता.

एप्रिल. रात्रीचे दहा, तरी डांबर अजून तापलेलं.
मुलीपाशी म्हेत्रे काकूंना बसवून
मी डबा घेऊन निघालो.
शेंगाचटणी, दही, कडक भाकरी.
कडकच, कारण ती पहाटे चारलाही तशीच राहते.

लेबर रूमबाहेरच्या बाकावर मंद्रूपचा एक जण,
हातातली टोपी सारखी पिळणारा.
"तुमचीबी आत हाय?"
"हो, आतच आहे."
"कितवा महिना?"
"बाविसावा," मी म्हणालो.
तो हसला नाही. त्यानं खरोखर बोटं मोजली.
मग मी सांगितलं, डॉक्टर आहे, शिकतेय,
छत्तीस भरले की सुटेल.
तो म्हणाला, "मग तुमचंच अवघड की हो."
गेल्या दोन वर्षांत
मला असं कुणीच म्हणालं नव्हतं.
मला रडू आलं आणि लाज वाटली,
आत त्याची बायको ओरडत होती.

साडेबाराला मावशी बाळ घेऊन आली.
पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं, मुठी आवळलेलं.
बाळाआधी मी टॉवेल पाहिला.
डाव्या काठाला एक धागा सुटलेला,
आमच्याच कारखान्यातला सेकंड माल,
मीच बाजूला काढून किलोवर विकलेला.
आतून तिचा आवाज आला, "टाका लावतेय, हलू नका,"
घरात ती कधीच बोलत नाही इतका शांत.
डबा मावशीकडे दिला.
तो माणूस टोपी घालायची विसरून
मुलीकडे बघत राहिला.

अडीचला नळ आधी नुसता श्वास टाकत राहिला,
मग आला.
भरलं सगळं. पातेली, कळश्या, कुकरसुद्धा.
तिच्या अंघोळीची बादली वेगळी, झाकून,
वर ताटली, ताटलीवर साबण.

दुपारी बाराला ती आली.
"पाणी आलं होतं?"
"आलं होतं."
"किती वेळ?"
"दीड तास."
एवढं बोलणं झालं.
टॉवेलचं सांगायचं राहिलं.
उरलेलं भांडणही राहिलं.
कानामागे कुणाच्या तरी रक्ताचा ठिपका होता,
मी अंगठ्यानं पुसला, ती झोपेत होती.

संध्याकाळी राउंडची वेळ झाली
तेव्हा दाराशी एकही चपल नव्हती.
पलंगाखाली, गव्हाच्या डब्यामागे, सगळीकडे शोधलं.
अक्षिता कॅलेंडरखाली बसून
निळ्या पेनानं
लाल गोल गिरवत होती, मान वर न करता.

हरिणीनं तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही.
माझ्या चपला घातल्या,
दोन बोटं मोठ्या,
आणि फटक फटक वाजवत जिना उतरून गेली.