महिनाअखेरचं रीडिंग

मुलुंडला, नाल्यापलीकडच्या सोसायटीत
दोन मजले चढून गेलं की दारावर पाटी नाही.
मुद्दाम नाही, म्हणाल्या कालिंदीताई,
लोक आधीच फार विचारतात.
आत सहा माणसं, एक फ्रिज,
सात खणांच्या गोळ्यांच्या डब्या,
भांडी कुणाची, केर कुणाचा याचा तक्ता
आणि त्यावर शनिवारच्या चौकोनात
कुणीतरी काढून ठेवलेला मासा.

मी आले होते आठ आठवड्यांसाठी.
कोळशाच्या कांड्या, कागदाचा रोल,
आणि फाउंडेशनचा फॉर्म, ज्यात एक रकाना होता:
सहभागींमध्ये झालेला बदल.

पहिल्या दिवशी कुणीच काही काढलं नाही.
फिलूआंटीनं कोळसा हुंगला,
म्हणाली, वसईला ह्याच्यावर आम्ही सुके बोंबील भाजायचो.
जुबेरनं सगळ्या पेन्सिलींना टोक केलं,
ज्यांना होतं त्यांनासुद्धा.
मी म्हटलं, इथे चुकलं तरी चालतं.
तेव्हा केणीकाका पहिल्यांदा बोलले:
चुकलं की बिल चुकतं, मॅडम.

बावीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले,
परळ, शिवडी, काळाचौकी,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च दातात धरून.
मग एका पावसाळ्यानंतर
आकडेच त्यांना वाचायला लागले.
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
फॉर्मात त्याला रकानाही नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी मीटर काढला.
चौकोन, काच, काचेवरची धूळ बोटानं घासून,
आत पाच आकडे.
खाली नाव: फिलोमिना घोन्साल्विस.
मग जुबेर. मग कालिंदीताई,
त्यांची चकती इतकी गरगर फिरवली
की कागद फाटला.
मग ती नवी मुलगी,
दाराकडे पाठ करून कधीच न बसणारी,
जिनं अजून कुणाला नाव सांगितलं नव्हतं.
काकांनी लिहिलं: ग्राहक.
आणि मीटरला सील काढलं, शिशाचं, तारेसकट.
हे कुणी तोडायचं नाही, म्हणाले,
आमच्या खात्यानंसुद्धा.

माझा मीटर शेवटचा.
००४१७.
इतकंच? मी विचारलं.
बंद घराला असंच येतं.
कुलूप दिसलं की आम्ही सरासरी लावायचो.
तुमचं मात्र बघून लिहिलंय.
हसले सगळे. मीही.
मग बराच वेळ नखातला कोळसा काढत बसले.

शेवटी मला कागद न्यायचे होते,
फ्रेमा, पांढरी भिंत, निमंत्रणं.
फिलूआंटी म्हणाली, माझं नको.
ते फ्रिजवर आहे.
जुबेरनं दिलं त्याचं: पेन्सिलींची सालं
डिंकानं चिकटवून केलेल्या कोंबड्या,
किंवा जत्रा,
तो दर वेळी वेगळं सांगतो.

बदलाच्या रकान्यात तीनदा लिहून खोडलं.
शेवटी लिहिलं: पेन्सिली आखूड झाल्या.

काल फोन आला, नंबर अनोळखी.
मागे कुकरची शिटी,
कुणीतरी केरावरून भांडत होतं.
मॅडम, केणी बोलतोय.
तीस तारीख झाली.
तुमचं रीडिंग राहिलंय.
घरी कधी असता?