ळ चा सांधा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडात
आमचं फ्लेक्सचं मशीन. दहा फुटी. हेड चार,
आणि चौघांत मिळून मेंदू एकच,
डावीकडच्या पत्र्याच्या डब्यात, पंख्याखाली, तरी तापलेला.

फाइल मोठी आली की तो गुदमरायचा.
पहिल्याला थेंब मोजून द्यायचा, मग दुसऱ्याला,
तिसऱ्याची पाळी येईतो गाडा पुढे निघून गेलेला
आणि चौथा शेवटच्या पंगतीला
पान मांडून बसलेला, वाढपी दिसेना.
मग उठायचा पांढरा पट्टा, बोटभर.
एकदा तर थेट नवरदेवाच्या कपाळावरून.

लुमाण्णा शाईची बाटली पुसत म्हणाला,
"मशीन चांगलं हाय, खरं
एकट्यानं किती करायचं गे त्यानं?"

आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या सप्लायरला हे कधीच कळलं नाही.
"होईल, खरं वेळ लागेल," मी फोनवर सांगायची.
त्याला ऐकू यायचं, होईल, खरंच होईल.

मे महिन्यात मशीन उघडलं.
प्रत्येक हेडाच्या पाठीवर एक बोर्ड बसवला,
विड्याच्या पानाएवढा.
मोठ्याला सांगितलं, तू आता चित्र उलगडायचं नाही,
रंग फोडायचे नाहीत.
फाइल बांधलेलीच चौघांपुढं टाक,
ज्याची त्यानं आपली पट्टी सोडवून घेऊ दे,
निळा किती, काळा किती, कुठलं छिद्र उघडायचं,
ते त्याचं त्यानं ठरवू दे.
तुझ्याकडे एकच काम. गाडा केसभर सरकला
की म्हणायचं, आत्ता.
पुन्हा आत्ता.
सेकंदाला हजारो वेळा, न कंटाळता.

तीन रात्री जमलं नाही.
चौघं आपापल्या घड्याळावर चालणारे,
तासाभरात कोण पुढे, कोण मागे,
आमदाराच्या मिश्या दोन मजल्यांच्या झाल्या.
तौसिफ मुल्ला सोल्डरिंगची तार कानामागं खोचून आला,
बघत बसला, चहा गार केला.
"गणित ज्याचं त्याच्याकडं ऱ्हाऊ दे.
घड्याळ मात्र एकाचंच ठेव."
एक वायर. लाल. वीतभर.
पैसे घेतले नाहीत, जुना पंखा मागून नेला.

पहिलं काम आलं खानापूरकडच्या एका यात्रेचं.
वर कानडी, मोठं, नियमाप्रमाणं.
खाली मराठी, मोजपट्टीनं मापून घेतलेलं,
अर्धा इंच वाढलं तर कोण येऊन फाडेल
ते दोन्हीकडच्या पोरांना पाठ.
वरचा ळ आख्खा दुसऱ्या हेडाच्या वाट्याला गेला.
खालचा, 'बेळगाव'मधला,
पडला नेमका दोन नि तीनच्या मधोमध.

एक वाटोळं याच्याकडे, एक त्याच्याकडे.
दुसऱ्याला माहीत नाही तो ळ काढतोय,
त्याच्यापुरता तो एक फास, उजवीकडं उघडा राहिलेला.
तिसऱ्याला वाटलं असेल, शून्य आहे, डावीकडून फुटकं.
वाटलं असेल म्हणजे काय,
त्यांना वाटत नाही काही.
मलाच वाटत होतं, रात्री दीड वाजता,
दारात मुतारीचा नि थिनरचा वास.

सांध्याशी बारा छिद्रं सामाईक ठेवली होती,
एक थेंब याचा, मग एक त्याचा,
कधी दोन याचे,
ओळीनं नाही, मुद्दाम विस्कटून.
सरळ रेघ डोळ्याला लगेच सापडते.

फ्लेक्स उतरला. लुमाण्णानं जमिनीवर पसरला,
चपला काढल्या, गुडघ्यांवर बसला,
अंगठ्याचं नख ळ वरून
या वाटोळ्यातून त्या वाटोळ्यात फिरवलं.
"जोड कुठं हाय गे?"
मी बोट ठेवलं.
तो वाकला. चष्मा वर केला, परत खाली घेतला.
"दिसत नाही," म्हणाला. "खरं."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली.
तो गुंडाळी करायला लागला होता.