प्लस जमिनीला

मार्व्याहून बोट सुटली तेव्हा पिशवीत
टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, चारशे नंबरचा पॉलिश पेपर
आणि डब्यात कारल्याची भाजी.
मनोरीच्या धक्क्यावर पास्कू किणी उभे होते.
माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे:
मिस्त्री कुठे?
मीच, म्हटलं.

ट्रॅक्टर छप्पन सालचा, रॉकेलवर चालणारा.
मूळचा रंग आता फक्त सीटच्या खाली उरलाय.
हॅण्डल मारला की मॅग्नेटोवर उठतो, बॅटरी असो नसो.
पण पहाटे चारची भरती, होड्या वर ओढायच्या,
तेव्हा दिवा लागतो.
"दोन वर्षांत तीन बॅटऱ्या," पास्कू म्हणाले.
"काटा रोज प्लसवर. भरतंय, भरतंय दाखवतो,
आणि सकाळी बघावं तर खडखडाट.
भूत बसलंय. रातचं पितं."

भूत मी अजून पाहिलेलं नाही.
कुजलेली अर्थिंग पाहिली आहे, शेकड्याने.
इथेही होती: वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी,
खाऱ्या वाऱ्यानं हिरवी केलेली.
खरवडली. ग्रीस लावून आवळली.
हा आजार होता, पण तो आजार नव्हता.

मग इंजिन बंद ठेवून मी नुसता हेडलॅम्प लावला.
काटा हलला
आणि प्लसकडे गेला.

पास्कू हसले, बघा!
मी म्हटलं, काका, इंजिन बंद आहे.
आत्ता कोण भरतंय?

ते गप्प झाले. मीही.
एक कोंबडी मडगार्डवरून उतरली.

कट-आउटचं झाकण काढलं:
पॉइंट जळून काळे, कडा वितळून गोळा झालेल्या.
बॅटरीपाशी वाकले.
प्लसचा खांब जाड असतो, मायनसचा बारीक.
इथे जाड खांबावर बारीक क्लॅम्प
फाकवून, हातोडीनं ठोकून बसवलेला.
मायनस जमिनीला.

"नातवानं बसवली, नेल्सननं. मालाडच्या गॅरेजात असतो."
नेल्सनचं चुकलं असं कसं म्हणू?
त्याच्या जन्मापासून प्रत्येक गाडीत
मायनसच जमिनीला गेलेला.
हे एकटंच म्हातारं उलट्या रिवाजाचं.
डायनॅमो आपल्या जुन्या दिशेनं करंट काढत राहिला,
बॅटरी आपल्या,
आणि दोघांची गाठ पडे तिथे ठिणगी.

खांब बदलले, क्लॅम्प दाबून पुन्हा लहान केला.
पॉइंट घासले, पेपर काळा होईस्तोवर.
शेवटी एफची वायर सोडवली
आणि बॅटरीकडून एक तार त्या टोकाला
टेकवली, उचलली. टेकवली, उचलली.
बारीक निळी चटक.
याची गरज होतीच असं नाही. ही हातिमभाईंची सवय.
कुर्ल्याच्या दुकानात ते सांगत,
लोखंडात थोडी याद राहते, बेटी,
त्या यादीवरच डायनॅमो उठतो. नसली, तर तू दे.
शेवटच्या वर्षी त्यांना माझं नाव सापडत नसे.
पण कागदावर चार ठिपके काढून दिले
की बोट ठेवत जायचे:
डी. ए. एफ. ई.
एकदाही चुकले नाहीत.

वायर परत जोडली. हॅण्डल पास्कूंनी मारला, मला मारू दिला नाही.
इंजिन खोकलं, थुंकलं, मग लयीत आलं.
दिवा लावला: काटा मायनसकडे झुकला,
खरं बोलायला जरा लाजल्यासारखा.
थ्रॉटल ओढला.
शून्य. दोन.
सहावर येऊन थरथरत थांबला.

पास्कूंनी काचेवर बोटानं टकटक केलं.
"आता हा प्लस खरा?"
खरा.

पैशांबरोबर त्यांनी सुक्या बोंबलांची पुडी दिली.
चारची बोट चुकली होती, पाचला वेळ होता,
म्हणून होडीसाठी ठेवलेला पांढरा रंग मागितला
आणि बॅटरीच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
प्लस जमिनीला.
त्याखाली, थोडी जागा होती म्हणून,
नेल्सन, विचारल्याशिवाय बदलू नकोस,
आणि माझा नंबर.